करंजघोलची लाइन

"बोला ना हो सिस्टर! बोला, मी ऐकतेय!"

ऐकतायत कसल्या, रिसीव्हरमधून साधं हूं की चूं येत नव्हतं. सरनोबत मॅडमनी तो या कानाचा त्या कानाला लावला, हलवून बघितला आणि शेवटी माझ्यापुढे धरला. "घे. ऐक तुझं यंत्र."

मी ऐकलं. फोन लागलेला होता. समोरच्या डब्यावर करंजघोल उपकेंद्राचा हिरवा दिवा जळत होता, म्हणजे डवरी सिस्टर पलीकडे फोन कानाला लावून उभ्या होत्या. आणि आवाज नाही. खरखर असती तरी मला धीर आला असता. खरखर म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय, एवढं तरी कळतं. इथं खरखरसुद्धा नव्हती. दिवा विझला आणि लगेच परत घंटी वाजली. परत करंजघोल, परत तेच.

"सारखी लावतेय ती," मॅडम म्हणाल्या. "डवरी सिस्टर उगीच फोन करणारी बाई नाही. वर्षाराणी, तिथं पायाळू बाळ अडलंय. पहिलटकरीण आहे. सकाळी मी तिला सांगितलं, कळा वाढल्या की लाव फोन, मी सांगत जाते तसं तू करत जा. आता काय सांगू मी? कुणाला सांगू?"

"ॲम्ब्युलन्स निघाली होती ना?"

"घाटात उसाची ट्रॉली आडवी झालीय. वर जायला वाट नाही, खाली यायला वाट नाही. मोबाइलला तिथं रेंज नाही. म्हणून तर तुमच्याकडून हे बसवून घेतलं ना मी?"

मॅडम ओरडणाऱ्या बाई नव्हत्या. कोल्हापुरात निम्म्या घरातली बाळं त्यांच्या हातावर आलेली, पण आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला होता, आणि माझ्यावर चढला होता.

सकाळपर्यंत सगळं झकास होतं. बॅकअपची बॅटरी फुगली होती, हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, फुटेल ही, आग लागेल." मॅडमना विचारून, करंजघोलचा पहिला फोन संपल्यावर, मी मशीन बंद केलं, बॅटरी बदलली, मशीन चालू केलं. दिवे लागले, घंट्या वाजल्या. फक्त माणसाचा आवाज गेला तो गेलाच.

हे मशीन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंगरातली उपकेंद्रं आणि मॅडमचं हॉस्पिटल यांच्यामध्ये इंटरनेटवरून चालणारे फोन आम्ही बसवले होते. डोंगरातलं इंटरनेट अगदी बारीक, पूर्ण आवाज त्यातून जात नाही. मग आवाजाची घडी घालायची, बारीक करून पाठवायचा आणि इकडे आमच्या मशीनमध्ये परत उलगडायचा. या घडी घालण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. आमची रीत एका परदेशी कंपनीच्या मालकीची होती. एका वेळी जितके फोन उलगडायचे, तितकी लायसन्स घ्यायची. त्या लायसन्सला आम्ही चाव्या म्हणायचो. आमच्याकडे आठ चाव्या होत्या. चावी एका वेळी एकाच मशीनला लागते. तिथून काढल्याशिवाय दुसऱ्याला लागत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि श्रीरंगदादा.

श्रीरंग माळवदे. पॉलिटेक्निकला मला सीनियर होता. सासरी मला नोकरीसुद्धा करू देत नव्हते, तेव्हा हा माणूस आमच्या घरी आला, माझ्या सासऱ्यांसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "काका, वर्षाराणीला माझ्या धंद्यात भागीदार करून घेतो. तिला काही कमीजास्त झालं तर माझे कान धरा." सासरे विरघळले. त्याच्यामुळे मी उंबऱ्याबाहेर पडले, हे मी कधी विसरले नाही. पाटीवर दोघांची नावं होती. चाव्यांचं खातं त्याच्या नावावर होतं, पण त्याचं मला काय वाटायचंय? सख्ख्या भावाच्या खिशात आपली वस्तू आहे म्हणून कुणी झोप घालवतं का?

मी त्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. सकाळी म्हणाला होता, इचलकरंजीला चाललोय, एका सूतगिरणीचं काम आहे. मशीनच्या खोलीत जाऊन मी कॉम्प्युटरचा पडदा चालू केला. तिथं लिहून आलं होतं की या मशीनवर एकही वैध लायसन्स नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय! आठ आहेत, मी स्वतः घातलीत. इंटरनेटवरून फुकटची एक फाइल उतरवून बघितली, तिच्यानं मशीनच बसलं. ते परत उभं केलं आणि शेवटी चाव्या विकणाऱ्यांच्या बंगळूरच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी हिंदीत बोलली, अगदी गोड.

"मॅडम, तुमच्या आठही चाव्या तर तुम्ही दुसऱ्या मशीनवर नेल्या आहेत."

"कुणी नेल्या? मी नाही नेल्या."

"खातेदारांनीच. माळवदे सर. दिवाळी झाल्या झाल्या. कोल्हापूर, शाहूपुरी, असं नाव आहे त्या मशीनचं."

"पण अहो, आमचं मशीन तर आज सकाळपर्यंत चालत होतं!"

"चालणारच ना मॅडम. मशीन सुरू होताना एकदाच चाव्या तपासतं. बंद केलं नाही तर त्याला पत्ताच लागत नाही. तुम्ही आज रीस्टार्ट केलं का?"

मी तिथंच खुर्चीवर बसले. दिवाळीपासून श्रीरंगदादा दर दोन दिवसांनी विचारायचा, "वर्षे, हॉस्पिटलचं मशीन बंदबिंद करत नाहीस ना? चालतंय ना, मग बोट लावू नको. नुकतं निजलेलं पोर समज." मी घरी सांगायची, बघा, कामात किती जीव आहे या माणसाचा! आणि शाहूपुरी? शाहूपुरीला प्लॉट विकणाऱ्यांचं कॉल सेंटर निघणार होतं, ते काम आम्ही दोघांनी मिळून मागितलं होतं. एक दिवस तो तोंड पाडून आला, म्हणाला, "गेलं गं आपलं. मुंबईवाल्यांनी पळवलं." मी त्याची समजूत काढली होती. मिसळ खायला घेऊन गेले होते त्याला, आणि वर म्हटलं होतं, जाऊ दे दादा, आपल्या नशिबात असेल ते येईल.

दारात मॅडम उभ्या होत्या. "किती वेळ?"

"आले मी," एवढंच म्हटलं. नवीन चाव्या घ्यायच्या तर हॉस्पिटलच्या ट्रस्टची मंजुरी, परदेशात पेमेंट, निदान आठवडा. त्या बाईकडे आठवडा नव्हता, तासच होता. मी स्कूटी काढली.

शाहूपुरीतल्या त्या इमारतीचा जिना मी कसा चढले मला आठवत नाही. आत पोरंपोरी ओळीनं बसलेली, कानाला हेडफोन, सगळ्यांची तोंडं चालू. "सर, हायवे टच आहे, सर." "काका, नुसतं बघून तर जा." आणि काचेच्या खोलीत, कीबोर्डपुढे, इचलकरंजीला गेलेला श्रीरंगदादा. समोर चहा.

मला बघून त्याचा चेहरा एकदा उतरला आणि लगेच चढला. "अगं वर्षे! ये, ये. बस की. चहा सांगू?"

"चाव्या सोड."

"कसल्या..."

"दादा, नाटक करू नको. बंगळूरशी बोलून आलेय मी. करंजघोलला बाई अडलीय, पायाळू आहे, मॅडमचा आवाज पोचत नाही. चाव्या सोड आधी, मग काय ते बोल."

त्यानं काचेचं दार लावून घेतलं. सावकाश. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल, कपाळावर हात मारून घेईल. तसं काही झालं नाही.

"मशीन बंद केलंस ना?" तो म्हणाला. "नको म्हटलं होतं तुला."

"बॅटरी फुटत होती!"

"मला विचारायचंस. मी रात्रीत चाव्या तिकडं नेल्या असत्या, सकाळी परत इकडं. कुणाला कळलं नसतं. अगं, या लोकांना उद्घाटनाला दाखवायला हवं होतं, तोवर नवीन चाव्या येणार होत्या. नंतर राहून गेलं. आणि तिकडं तरी आठच्या आठ कधी लागल्यात? डोंगरातल्या बायका काय रोज अडतात?"

"आज अडलीय!"

मी ओरडले तशी बाहेरची दोन पोरं वळून बघायला लागली. त्यानं त्यांच्याकडे बघून हसून हात केला.

"हळू बोल. देतो की, नाही कुठं म्हणतोय?" त्यानं पडद्यावर खातं उघडलं. आठ ओळी, प्रत्येकीपुढे बटण. बोट त्यानं माउसवर ठेवलं, दाबलं मात्र नाही. "फक्त मॅडमना काय सांगायचं ते आधी ठरवू."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. मॅडमच्या ट्रस्टची आणखी हॉस्पिटलं आहेत, माहितीय ना? सगळ्यांचे फोन आपल्याला मिळणारेत. माझं नाव यात आलं तर सगळं गेलं. तू सांगायचं, तुझ्याकडून चूक झाली. मशीन चुकीचं बंद केलंस, त्यात लायसन्स उडाली, मी येऊन परत बसवली. एवढंच. तुला कोण काय म्हणणारेय? बाई माणूस, नवीन आहे, होतं कधीकधी."

इतकी वर्षं ज्याला दादा म्हटलं, तो माणूस एका अडलेल्या बाईचा जीव बोटाखाली धरून माझ्याशी सौदा करत होता. आवाज तोच, माझ्या सासऱ्यांशी बोलला तो, समजुतीचा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाटलं, तो चहा उचलून त्याच्या तोंडावर फेकावा. पण चहा फेकून बटण दाबलं जाणार नव्हतं, आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात होता.

"लाज नाही वाटत तुला?"

"वाटते गं. नंतर बोलू त्यावर. वेळ जातोय वर्षे, तूच म्हणतीस."

"बरं," मी म्हटलं. "सांगते. दाब."

त्यानं एकेक करून आठही बटणं दाबली. बाहेरच्या खोलीत एकदम गलका झाला नाही. चालू मशीनला पत्ता नसतो ना, पोरं प्लॉट विकतच राहिली. मग त्यानं तिथूनच इंटरनेटवरून हॉस्पिटलच्या मशीनला चाव्या लावल्या आणि ते परत सुरू केलं. मी मोबाइलवर मॅडमना म्हटलं, "आता करंजघोल लावा, मॅडम. मोबाइल असाच चालू ठेवा, मला ऐकू दे."

घंटी गेली. आणि मग, माझ्या मोबाइलमधून, मॅडमच्या दुसऱ्या कानातल्या फोनमधून, घाटापलीकडून एक बाई किंचाळली, "मॅडम! अवो मॅडम, कुटं हुता तुम्ही?"

"आले, आले सिस्टर. आता कुठं जात नाही. काय दिसतंय?"

"पाय आल्याती भायेर. वढू का?"

"ओढायचं नाही! अजिबात ओढायचं नाही. बाईला म्हणावं, कळ आली की जोर कर. बाळ आपलं आपण येऊ द्या. पाठ वर आहे ना बाळाची? वर राहू दे. गरम कापड घ्या, कमरेभोवती धरा नुसतं."

मोबाइल मी टेबलावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्यावर वाकून ऐकत होतो. कुणाला दुरून दिसलं असतं तर वाटलं असतं, ही सख्खी बहीण-भावंडं आहेत आणि घरातलीच कुणी बाळंत होतेय. मॅडम एकेक गोष्ट सांगत होत्या, तिकडून सिस्टर "व्हय, व्हय" म्हणत होत्या, मध्येच त्या बाईचं कण्हणं येत होतं. खांदे मोकळे झाले. मग डोकं अडलं. मॅडमनी हात कुठं धरायचा, बोट कुठं ठेवायचं ते सांगितलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं आवाज परत गेला.

आणि मग बाळ रडलं. असं खणखणीत रडलं की फोनमधला आवाज फाटला.

मी रडायला लागले. वर बघितलं तर श्रीरंगदादाचे डोळे भरून आले होते. खरं पाणी होतं ते, नाटक नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"मुलगा झाला, वर्षाराणी!" मॅडम मोबाइलवर म्हणाल्या. "दोघंही बरी आहेत. अगं, पण झालं काय होतं? कुणी केलं चालू?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानं मोबाइल उचलला.

"मॅडम, श्रीरंग बोलतोय. मीच केलं. इचलकरंजीहून तसाच निघून आलो. काही नाही, वर्षाराणीनं मशीन जरा चुकीचं बंद केलं, त्यात लायसन्स उडाली. मी तिला बजावलं होतं खरं तर. जाऊ दे, लहान आहे, मॅडम. पोटात घाला या वेळी."

मग मॅडम म्हणाल्या, "तिला दे."

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. बोटं अजून माउसवरच होती, आठ ओळी अजून उघड्याच होत्या.

"वर्षाराणी, खरं आहे का हे?"

"हो, मॅडम," मी म्हटलं.

"आज एक बाई गेली असती," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता." आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, चाव्या लागल्या होत्या, बाळ रडलं होतं, मग तेव्हा तरी खरं सांगायचं. मीही स्वतःला हे हजारदा विचारलंय. पण चाव्या त्याच्या खात्यात होत्या. आज सोडल्या तशा उद्या ओढून घेतल्या असत्या, मशीन परत कधीतरी बंद-चालू झालं असतं, आणि नेमकं तेव्हा कोण अडलं असतं कुणास ठाऊक. केसानं गळा कापला त्यानं माझा, आणि मान मीच हलवली नाही, डोंगरातल्या बायकांसाठी. आता सांगतेय कारण आता आवाजाची घडी घालायच्या त्या रीतीच्या पेटंटची मुदत संपलीय. कुणीही घ्या, कुणीही वापरा, ना चावी ना खातं. ज्याच्यासाठी माझं नाव गेलं ते आज फुकट मिळतं.

पाटीवरचं माझं नाव त्यानं नाही पुसलं, मीच पुसलं. ट्रस्टच्या सगळ्या हॉस्पिटलांचं काम त्याला मिळालं. मॅडमनी मला एवढंच सांगितलं की जायच्या आधी सगळ्या उपकेंद्रांचे फोन एकदा तपासून दे. त्यांच्या डोळ्यात राग नव्हता, कीव होती. राग परवडला असता.

मी एकेक लाइन लावत गेले. सगळ्यात शेवटी करंजघोल.

"हॅलो," डवरी सिस्टर म्हणाल्या. "कोण?"

"मी वर्षाराणी. कोल्हापूरहून. लाइन तपासतेय. आवाज नीट येतोय का?"

"येतोय की, चांगला येतोय." मग जरा थांबून म्हणाल्या, "मशीन बंद केलतं ती तुम्हीच न्हवं?"

मी यादीत करंजघोलपुढे खूण केली.

"पोरगं चांगलं हाय बघा. बाळसं धरलंय. बारसं झालं काल. त्याची आई मला म्हणाली, सिस्टर, ज्या मानसानं फोन चालू केला, त्येचं नाव ठेवायचं. मग मी मॅडमना इचारलं." सिस्टर हसल्या. "श्रीरंग ठेवलंय."

"छान आहे," मी म्हटलं.

"तुमचं बी नाव इचारत हुती ती, बंद कुणी केलं म्हनून. म्या न्हाई सांगितलं." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कशाला? पोराच्या जिवावर बेतलं हुतं, जल्मभर शिव्या घातल्या असत्या तिनं तुमास्नी. वाईट वाटून घिऊ नगा, ताई. हुतं की चुकून."

"होतं," मी म्हटलं, आणि करंजघोलची लाइन चालू आहे, असं मॅडमना जाऊन सांगितलं.